साधं राहायचं ठरलं, पण पाणी कोण भरणार?

पत्र थोडक्यात: पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र. त्या ४१ वर्षांच्या, नवरा ४४चा, मुलगी चौथीत. ७२ वर्षांच्या सासूबाई सोबतच राहतात. राजापूर तालुक्यात सासरचं जुनं कौलारू घर आणि ३८ गुंठे जमीन आहे. सातबारा दोन चुलत दिरांबरोबर सामाईक. घरामागे विहीर आहे, पण ती एप्रिलच्या सुरुवातीलाच तळ गाठते. धावपळीचा आणि सततच्या खरेदीचा वीट आलाय, असं ताई लिहितात. येत्या मार्चअखेर दोघांनी राजीनामे देऊन गावी जायचं, गरजा कमी करायच्या, स्वतःचा भात, स्वतःची भाजी, चुलीवरचा स्वयंपाक, असा बेत आहे. दहा गुंठ्यांत एक कुटुंब पोसता येतं, असं त्यांच्या वाचनात आलंय. फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. सासूबाईंचा ठाम विरोध आहे: ‘त्यातनं सुटण्यात माझी उमर गेली, आणि तुम्ही परत त्यातच शिरताय.’ ताईंचे प्रश्न दोन: आम्ही वेडेपणा करतोय का? आणि सासूबाईंना कसं समजवायचं?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेऊ. सासूबाईंना समजवू नका, त्यांना विचारा. तुमच्या घरात हे आयुष्य प्रत्यक्ष जगलेलं माणूस एकच आहे आणि त्याचंच मत तुम्ही अडथळा म्हणून मांडलंय. वही घेऊन बसा. विहीर आटल्यावर पाणी कुठून यायचं? किती खेपा व्हायच्या? पावसाळ्यासाठी सरपण किती साठवायचं? घराची कुठली भिंत ओल धरते? कोणत्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान वाफ्यात, पाणी तुंबतं? यातलं अर्धं तुम्हाला दुसरं कोणीच सांगू शकणार नाही. आणि बोलता बोलता हेही कळेल की त्यांचा राग गावावर आहे की तिथल्या कष्टांच्या वाटणीवर. कोकणातलं जुनं ‘साधं’ घर चालायचं ते बहुतेक बायकांच्या पाठीवर. पुरुष मुंबईला, मनीऑर्डर महिन्याला आणि पाणी, चूल, शेण, लावणी बाईकडे. तुमच्या बेतात ही वाटणी कशी आहे, याबद्दल पत्रात एक ओळही नाही.

साधेपणाबद्दलची आपली एक समजूत तपासून बघू. शहरात पैसा देऊन जी कामं परस्पर होतात, त्यातली बरीच तिथे स्वतःच्या अंगावर येतात. गरजा कमी होतात हे खरं, कामं वाढतात हेही तेवढंच खरं. म्हणून ‘कमीत भागेल का?’ याआधी ‘रोज कोणती कामं, किती तास, कोण करणार?’ हे कागदावर यायला हवं. बाकीचं उत्तर याच कागदाभोवती आहे.

पहिलं काम पाण्याचं. चार माणसं, माणशी ७० लिटर धरलं तर दिवसाला २८० लिटर. हंडा साधारण १५ लिटरचा, म्हणजे १८-१९ हंडे. विहीर एप्रिलच्या सुरुवातीला आटते आणि पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो. मधले ७० दिवस, जवळजवळ १९,६०० लिटर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ८० चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावरून, एक पंचमांश वाया गेला असं धरलं, तरी १,९२,००० लिटर पाणी मिळतं. पाणी पडतं भरपूर. अडचण ते जूनपासून पुढच्या मेपर्यंत धरून ठेवण्याची.

त्यासाठी दोन टप्पे करा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी १५ लिटर पुरतात. ७० दिवसांचे होतात ४,२०० लिटर. म्हणजे पन्हळीला जोडलेली, झाकणबंद, उजेड न शिरणारी ५,००० लिटरची टाकी पहिल्याच वर्षी बसवा. पावसाळ्यातले पहिले दोन-तीन जोरदार पाऊस बाहेर सोडून द्यायचे, कारण कौलांवरचा पाचोळा, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच येते. टाकी जूनमध्ये भरून वर्षभर ठेवू नका. सप्टेंबरपर्यंत वापरा आणि परतीच्या पावसात काठोकाठ भरून झाकण लावा. तोंडावर बारीक जाळी हवी, नाहीतर डास होतात. हे पाणी उकळून किंवा गाळणीतून घेऊनच प्यायचं. फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली) २० हजार लिटरची टाकी दुसऱ्या टप्प्यात, एक उन्हाळा काढून बघितल्यावर. बोअरवेलची घाई नको. वर जांभा आणि खाली काळा पाषाण असतो, तिथे लागली तर लागली, नाहीतर पैसे पाताळात. त्याऐवजी घराच्या वरच्या अंगाला वहाळ (ओढा) असेल तर पाऊस ओसरल्यावर, धार चालू असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घाला. खालच्या विहिरीचं पाणी त्यानं लांबू शकतं. किती लांबेल ते जमिनीवर अवलंबून. हे काम गावानं मिळून करायचं असतं, एकट्या घराचं नव्हे.

आणि शौचालय. जुन्या घरात नव्यानं बांधणार असाल तर शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्या. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून घाण पाणी लवकर झिरपतं. जागा असेल तर आणखी लांब न्या.

आता भात. चार माणसांना माणशी दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ धरला तर वर्षाला सुमारे २९० किलो. भरडताना साधारण दोन तृतीयांश तांदूळ मिळतो, म्हणजे ४५० किलो भात पिकायला हवा. चांगला शेतकरी गुंठ्याला ४० किलोपर्यंत काढतो. नवख्यानं ३०च धरावेत. १५ गुंठे झाले. आणि इथे तुमचं गणित अडतं. ३८ गुंठे तुमचे नाहीतच. तीन भाग सारखे पडले तर वाट्याला येतात साधारण पावणेतेरा गुंठे, त्यातही घर, खळं, गडगे (दगडी बांध), झाडं आणि विहीर. वर्षभराचा भात या जागेत बसत नाही.

दहा गुंठ्यांचं जे तुम्ही वाचलंत, तो विचार कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून पसरला. तो हवेतला नाही. पण त्यात सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा काटेकोर हिशेब आहे आणि त्या तुकड्याला रोज हात लावणारी माणसं गृहीत आहेत. लोक आकडा लक्षात ठेवतात, अटी विसरतात.

भात करायचाच असेल तर पहिल्या वर्षी तीन गुंठे करा. दीड किलोच्या आसपास बियाणं लागेल. कर्जत-३सारखी हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी जात घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रांत किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. जूनच्या पहिल्या पावसावर तरवा (रोपवाटिका) टाकायचा, २१ ते २५ दिवसांची रोपं लावायची. नवखे लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, रोपं महिनाभर तरव्यातच राहतात, कारण लावणीला माणूस मिळत नाही. मग फुटवे कमी येतात. दोन, चुडात (एका जागी लावायच्या रोपांच्या जुडीत) सात-आठ काड्या कोंबल्या जातात. दोन-तीन पुरतात. नांगराचं जोत आणि माणसं दोन्ही नसतील तर नेरळजवळच्या सगुणा बागेत विकसित झालेली गादीवाफ्यांची पद्धत बघा, तीत चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. मात्र मूळ पद्धतीत तणनाशक आहे. ते नको असेल तर पहिला सव्वा महिना बेणणीसाठी, म्हणजे तण उपटायला, वाकायची तयारी हवी. उरलेल्या खाचरांसाठी शेजाऱ्याशी अर्धलीचं (निम्म्या पिकाच्या बोलीवर कसायला देण्याचं) बोलता येईल, पण सामाईक जमिनीत ते दिरांना विचारल्याशिवाय करू नका. कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही भीती कोकणात अजून जिवंत आहे.

भाजीचा हिशेब जास्त आशादायक आहे, पण ऋतू बघून. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी, खाली भेंडी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी, यांना पाणी जवळजवळ लागत नाही. थंडीत विहीर भरलेली असताना माठ, मुळा, मिरची, वांगी. एप्रिल-मेमध्ये मात्र भाजीचा हट्ट सोडा. तीन गुंठे म्हणजे ३०० चौरस मीटर. उन्हाळ्यात त्यांना रोज १,२०० लिटरच्या वर पाणी लागतं, घरातल्या चार माणसांच्या चौपट. जुन्या घरांत त्या दिवसांत वाळवणं, आमसुलं, कडधान्यं आणि सुकी मासळी खायचे, ती चैन नव्हती की मागासपणा नव्हता. पाण्याचा हिशेबच तसा होता. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी कशी करायची हे सासूबाईंना आजही तोंडपाठ असेल.

माकडं आणि रानडुकरं यांच्याबद्दल पत्रात काही नाही, म्हणून सांगायला हवं. अनेक गावांत लोकांनी परसबाग सोडली ती आळसानं नाही, माकडांमुळे. नारळाची कोवळी फळं, काकडी, पडवळ, पपई, काही राहत नाही. जाळीचा एक लहान बंदिस्त तुकडा, वरूनही झाकलेला, अर्ध्या-पाऊण गुंठ्याचा, एवढंच सांभाळणं झेपतं. उघड्यावर हळद, आलं, सुरण, अळू, मिरी लावा, यांच्या वाटेला माकडं सहसा जात नाहीत. गावात दुसरं कोण काय लावतंय ते बघा. जे कोणीच लावत नाही, त्यामागे कारण असतं.

चुलीचं थोडक्यात. रोज चार-पाच किलो सुकं लाकूड लागतं. पावसाळ्याच्या १२० दिवसांचं पाचशे-सहाशे किलो मेअखेर तोडून, फोडून, पडवीत रचलेलं हवं. ओलं लाकूड धुमसतं आणि तो धूर स्वयंपाक करणाऱ्याच्या छातीत जातो. सिलिंडर ठेवा. अंघोळीचं पाणी आणि डाळ-भात चुलीवर, बाकीचं गॅसवर, ही तडजोड वाईट नाही. निसर्गाजवळ राहणं म्हणजे फुफ्फुसांची परीक्षा घेणं नव्हे. पेटीचा सौरकुकर ऑक्टोबर ते मे छान, पावसाळ्यात कपाटात. छपरावर सौरपॅनेल लावणार असाल तर जून-जुलैतलं उत्पादन निम्म्यावर आलं तरी चालेल, अशा बेतानं बॅटरी घ्या.

घराची शाकारणी मेमध्ये. फुटकी कौलं बदलायची, वासे-रिपांना वाळवी आहे का ते टोचून बघायचं, पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला झाप (विणलेल्या झावळ्या) बांधायचे. वर्षातून एकदा हे केलं नाही तर दुसऱ्या वर्षी वासा बदलावा लागतो.

आरोग्याचं मात्र घाईत आटपता येणार नाही. सड्यांवर (कातळाच्या उघड्या माळांवर), दगडांखाली, गडग्यांत फुरसं, हा विषारी साप, असतं. लहान असतं, चटकन दिसत नाही. संध्याकाळनंतर विजेरी आणि पायात बूट, लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठी, आणि मुलीला हे पहिल्याच दिवशी. चावलंच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातापायातल्या अंगठ्या-पैंजण काढायचे, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ला फोन किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळच्या कुठल्या दवाखान्यात असतं, रात्री डॉक्टर असतात का, हे जाण्याआधी स्वतः जाऊन विचारा. चिखलात काम करायला लागलात तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) लक्षात ठेवा. पायाला जखम असताना खाचरात उतरू नये, आणि ताप व पोटऱ्यांत दुखणं एकत्र आलं तर पॅरासिटामॉलवर दिवस न काढता आरोग्य केंद्र गाठावं. सासूबाईंचं वय ७२. त्यांच्या गोळ्या आणि तपासण्या कुठे होणार, रात्री किती अंतर, हा प्रश्न त्यांच्या विरोधाच्या तळाशी असू शकतो आणि तो अगदी रास्त आहे.

पैशांबद्दल एक भ्रम सगळ्यांनाच असतो, की गावी खर्च एकदम कोसळतो. पेट्रोल, बाहेरचं खाणं आणि कपडे कमी होतात. हप्ता, आरोग्यविमा, इंटरनेट, पुण्याच्या खेपा, तेल-डाळ-साखर, औषधं, शाळा, हे राहतंच. पहिली दोन वर्षं तर छप्पर, टाकी, पंप आणि कुंपण यांमुळे खर्च वाढतो. परीक्षा पुण्यातच घ्या. गावी महिन्याला जेवढ्यात भागवायचं म्हणताय, तेवढ्याच पैशांत सहा महिने पुण्यात राहा आणि उरलेला पगार कर्जात भरा. यात सहा वर्षांचा हप्ताही आखूड होईल आणि कुठल्या खर्चाशिवाय चिडचिड होते तेही कळेल. दुसरी परीक्षा कचऱ्याची: ओला कचरा आजपासून घरात जिरवा. चार माणसांचा दिवसाचा अर्धा-पाऊण किलो निघतो, त्यात आकारमानानं दुप्पट-तिप्पट सुका पाला. वास आला तर पाला कमी पडलाय किंवा हवा जात नाहीय. कोरडा राहून कुजत नसेल तर पाण्याचा हबका मारा. गॅलरीत हे चार महिने नियमानं होत नसेल, तर पावसात खतखड्डा होणार नाही.

तर मग वेडेपणा आहे का? बेत वेडेपणाचा नाही. दोघांनी एकाच मार्चमध्ये राजीनामे देणं मात्र घाईचं आहे. तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. मार्चमध्ये सगळं सोडून जाणं, ती मला पटत नाही. एकानं घरून काम चालू ठेवून दुसऱ्यानं आधी घर आणि पाणी उभं करणं. किंवा पुणं न सोडता वर्षातले तीन-चार महिने गावी राहून जमीन जिवंत ठेवणं. तिसरी वाट कमी प्रतीची मानू नका. अनेक घरांना तीच मानवते, आणि झाडं लावणाऱ्याचं तेवढ्या मुक्कामात बरंच होतं. पण निवड करायच्या आधी दोनदा राहून या. एकदा मेचे पंधरा दिवस, विहीर आटलेली असताना, टँकर न मागवता. एकदा जुलैचे तीन-चार आठवडे, वीज जाते, कपडे वाळत नाहीत, पाहुणे येत नाहीत, तेव्हा. डिसेंबरात किंवा आंब्याच्या सुट्टीत जाऊन ठरवू नका. त्या दिवसांत कोकण कुणालाही भुरळ घालतं. या दोन मुक्कामांत कोणतं काम कोणी किती वेळ केलं, ते रोज लिहा, नवऱ्याच्या आणि तुमच्या वेगवेगळ्या रकान्यांत. पाण्याचे हंडे आणि चूल एकाच रकान्यात दिसले, तर तो विषय आधी सुटू द्या. शाळेचं मुलीसोबत जाऊन बघा. सातवीनंतरची शाळा किती लांब, एसटी कोणत्या वेळेला, हे तिथल्याच पालकांना विचारा.

ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन नाही, अशा वाचकांसाठी एवढंच: महाराष्ट्रात १९४८च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि गुंठ्या-गुंठ्यानं ‘फार्म प्लॉट’ विकणाऱ्या जाहिरातींत तुकडेबंदीचा (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीचा) प्रश्न असतो. सवलती येत-जात असतात, म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि फेरफार तपासून घ्या.

तुमचं तसं नाही, पण वाटप झाल्याशिवाय टाकी बांधू नका, झाडं लावू नका, बंदिस्त तुकडा करू नका. सासऱ्यांच्या मागे वारस नोंद झालीय का ते आधी तलाठ्याकडे बघा. नंतर तिघांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. विहीर आणि वाट कोणाच्या हिश्शात, आणि इतरांचा पाण्यावरचा हक्क कसा राहणार, हे कागदावर वेगळं लिहून घ्या. भांडणं जमिनीपेक्षा त्यावरूनच होतात. तिन्ही घरं एकत्र असतात ती गणपतीत. पण विषय पहिल्या दिवशी काढू नका, विसर्जन झाल्यावर, सगळे निघायच्या आदल्या संध्याकाळी काढा. आणि तो सासूबाईंना काढू द्या. दिरांना त्यांचा शब्द मोडवणार नाही.